धरलेले हात

जेवताना शाल्मलीचे हात धरायची आज माझी पाळी होती. माझी नऊ वर्षांची स्वमग्न लेक बोलत नाही; वर्षभर ताट पुढ्यात आलं की स्वतःच्या गालावर थपडा मारून घ्यायची. आम्हाला तो तिचा हट्ट वाटला.

गेल्या आठवड्यात पूर्ण भूल देऊन डॉक्टरांनी तिच्या किडलेल्या सहा दाढांवर उपचार केले.

आज तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला. तिचा हात उठताच मी सवयीनं सरसावले, तर तिनं आमटीची वाटी पुढे ओढली.

"आता तूही आमच्याबरोबर बस गं," सासूबाई म्हणाल्या.

मी ताट वाढून घेतलं, पण नजर तिच्या हातांवरच राहिली. वर्षभर ती कुठे दुखतंय ते हातानं दाखवत होती, आणि मी तेच हात धरून ठेवत होते.