गॅलरीतला झोपाळा

नवरा, दीनानाथ, गेल्यापासून निरुपमाताईंचं मन सारखं त्यांच्याकडेच वळायचं. लहरीपुऱ्याच्या बाजारात चपला घेताना, दूध तापवताना, मध्येच ते आठवायचे. लेक इरा त्यांना मांजलपूरला आपल्या सोसायटीतला रिकामा फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. निरुपमाताई गॅलरीत उभ्या राहिल्या आणि नकळत बोलून गेल्या, "इथे झोपाळा लावीन. सकाळी चहा घेऊन बसेन. खालच्या बायकांशी ओळख होईल."

इरा खूश झाली. "मग हाच घेऊ या ना, आई?"

तिनं वळून पाहिलं, तर आई कठडा धरून रडत होती.

"काय झालं गं?"

"एवढं सगळं डोळ्यांसमोर आलं, इरा, आणि त्यात तुझे बाबा नव्हते."