न वाजणारा ब्रेक

मिस्त्री गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी टायर बघतो. वहिनींनी घडीची सायकल उलगडून काउंटरपाशी उभी केली, तेव्हा त्याला दिसलं की टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून झडलेले नाहीत. झडतील कसे? वहिनींचे यजमान गेले त्या अपघातानंतर हे टायर त्यानेच घातले होते, आणि सायकलवर बसणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

ब्रेकचे रबर मात्र झिजून पार लोखंडाला टेकले होते.

"वहिनी, हे मागच्याच महिन्यात नवे घातले होते की."

"हो ना."

"कोण चालवतं?"

"कोणी नाही. घडी करून पलंगाखाली असते."

मिस्त्रीने रिमवरची काळी भुकटी बोटाने पुसून पाहिली. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. पंक्चर झालं म्हणजे कुठेतरी खिळा असणारच, असा त्याचा सरळ हिशेब. इथे खिळा काही सापडेना.

"दिवे लागायच्या वेळी आवाज येतो," भाजी निवडता निवडता बोलावं तशा वहिनी म्हणाल्या. "आमच्या उतारावरून. हे येताना ब्रेक दाबत यायचे ना, तसाच करकर. मी हातातलं टाकून खिडकीत जाते. पण वळणापाशी करकर तुटते, आणि मग पडल्याचा आवाज होतो."

"रोज?"

"रोज."

मिस्त्रीला ब्रेकचं तेवढं ठाऊक होतं.

"नवे रबर घालू, की चकतीचा डिस्क ब्रेक बसवू? तिची जागा आहे या सायकलला. तेलावर चालणारी नको, घडी घालताना तेलाची नळी मुडपते. वायरवाली घेऊ."

"थांबेल कशाने?"

"डिस्कने. उतार असो, पाऊस असो, जागच्या जागी. फक्त ब्रेक दाबल्यावर लगेच चकतीला हात लावायचा नाही, तापलेली असते." तो जरा अडखळला. "पण वहिनी, डिस्क वाजत नाही. ती करकर बंद होईल."

वहिनी सीटवरून नुसता हात फिरवत राहिल्या. ही बाई त्या आवाजावर दिवस काढते आहे, हे मिस्त्रीला न सांगता कळलं. रबर घाला म्हणाल्या असत्या तर त्याने मुकाट्याने घातले असते.

"मला ऐकू यावं म्हणून त्यांनी रोज पडायचं का?" शेवटी त्या म्हणाल्या. "डिस्क घाला. दिवे लागायच्या आत होईल ना?"

झालं. चाकं बदलली, तेच टायर पुन्हा चढवले, वायर ताणली. मिस्त्रीने पुढचं चाक गरगर फिरवून ब्रेक दाबला. चाक थांबलं, चूं की चां नाही. मग घडी घालून त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि हात धुवायला गेला.

तो परतला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. वहिनी दाराकडे कान लावून उभ्या होत्या. बाहेर रोजची वर्दळ होती, बाकी काही नाही. त्यांचा चेहरा उतरला. मिस्त्रीला फार वाईट वाटलं.

"चला, बाहेरपर्यंत उचलून देतो," असं म्हणत त्याने सायकलीखाली हात घातला आणि झटक्यात मागे ओढला. बोट भाजलं होतं. चकती तव्यासारखी तापली होती.

वहिनींनी आधी त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग चकतीकडे.

"थांबले," त्या हळूच म्हणाल्या, आणि घाईघाईने पदर खोचून सायकल स्वतःच उचलू लागल्या.

"बसा जरा वहिनी. पाणी घ्या."

"नको. घराला कुलूप आहे, आणि ह्यांची किल्ली माझ्याकडे आहे."