गुन्हा कबूल

लोटनने कागदांवरची सुतळी सोडली, तेव्हा त्याचा बाप तोताराम उठून गोठ्याकडे निघाला होता.

“आबा, बसा,” लोटन म्हणाला. “तुमच्यासाठीच आणलंय हे.”

तोताराम बसला, पण उंबऱ्यावर. माय, भागाबाई, भिंतीशी कापसातला कचरा निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

लोटन पुण्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता. बोलीही आता तिकडचीच झाली होती. दिवाळीच्या सुटीआधी फौजदारी कायद्याच्या प्राध्यापकांनी काम दिलं होतं : आपल्या जिल्ह्यातला एखादा जुना खटला काढा, पुरावा तपासा. बाकीच्यांनी खून आणि दरोडे निवडले. लोटनने धुळ्याच्या कोर्टातून सन १९१९चा एक लहानसा खटला काढला. दुष्काळात पाटलाच्या खळ्यावरून चार पायल्या ज्वारी चोरली. आरोपी तोताराम. गुन्हा कबूल. सहा महिने सक्तमजुरी.

ते सहा महिने संपून एकवीस वर्षं झाली होती. तरी शिंदखेड्याजवळच्या त्या गावात कुणाची कोंबडी हरवली, की लोक आधी त्यांच्या दाराकडे बघत. लग्नाच्या पंगतीत तोताराम सगळ्यांत शेवटी बसे. शाळेत लोटनला ‘चोरट्याचा’ म्हणत. कायदा शिकायचं त्याने तिथेच ठरवलं होतं.

“बठ्ठं जुनं शे ते,” तोताराम म्हणाला. “शिक्षा भोगी झाई. आते कशाले?”

“कारण खटल्यात दमच नव्हता, आबा. येताना मोटारीत निकाल वाचला मी. एक साक्षीदार नाही. ज्वारी सापडली नाही. होती ती फक्त तुमची कबुली. पोलिसांनी मारलं ना तुम्हांला?”

“नही. कोणी मारं नही. मीच गऊ चावडीवर.”

लोटनला ते पटलं नाही. त्याने पंचनामा उघडला. तो मोडी लिपीत होता, मोटारीच्या धक्क्यांत लागला नव्हता. आता तो अक्षर लावत मोठ्याने वाचू लागला.

“‘खळे त्याच दिवशी सारवलेले. ओल्या जमिनीवर अनवाणी पावलांचे ठसे. पावले लहान...’ ऐकलंत? लहान! तुमचं पाऊल केवढं आहे, आबा! हे तुमचे ठसेच नाहीत. ‘अंगठ्याशेजारील बोटास...’”

तो थांबला.

पुढचे दोन शब्द ठसठशीत होते. जोडव्याची खूण.

कबुली हाती आल्यावर हा कागद पुन्हा कुणी उघडलाच नसावा. लोटनने तीच ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात. मग वर पाहिलं. तोताराम त्याच्याकडे एकटक बघत होता. त्याने लेकाजवळ कधी काही मागितलं नव्हतं. आता तो मागत होता.

“पुढे काय लिखेल शे?” भागाबाईने विचारलं.

“अक्षर पुसट आहे, माय,” लोटन म्हणाला. “लागत नाही.” त्याने कागद दुमडला.

तोतारामने श्वास सोडला. “भाकर वाढ त्याले. भुक्या व्हई पोऱ्या.”

भागाबाईने कापसाची टोपली बाजूला सारली. ती लोटनच्या समोर येऊन बसली आणि त्याचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला.

“तुले अक्षर वाचता येस. माले तुनं तोंड वाचता येस,” ती म्हणाली.

“भागा, ऱ्हाऊ दे,” उंबऱ्यावरून तोताराम म्हणाला.

“नही. आते त्याले कळू दे.” तिचे हात लेकाच्या गालांवर तसेच होते. “तू तवय चार महिनाना व्हता, लोटन. मना आंगवर दूध नव्हतं. ती ज्वारी मीच आनी व्हती. मंग कबूल कराले मी चावडीवर निंघनू, तं तुना बापनी तुले मना मांडीवर ठेवं. म्हने, ‘याले सांभाळ. मी जाईसनी येस.’”