चावलेला घास

सासूबाईंच्या तळहातावर चावलेल्या फरसबीचा हिरवा, लिबलिबीत गोळा होता. त्यातून लाळेची एक तार निघाली होती आणि तिचं दुसरं टोक टिल्लूच्या ओठाला चिकटलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या टिल्लूच्या आईला ढवळून आलं. ती रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांच्या थुंकीच्या डब्या उघडून झाल्या की हात धुऊन खुशाल जेवायला बसायची. आजवर कधी काही वाटलं नव्हतं. आज मशीन बंद पडलं म्हणून ती दुपारीच घरी आली, तर समोर हे.

"आई! काय चाललंय हे?"

सासूबाईंनी चटकन मूठ मिटली. बोटांच्या फटीतून हिरवं पाणी मनगटावर ओघळलं.

चार वर्षांचा टिल्लू भाजी दिसली की तोंडाला कुलूप लावायचा. बळेच भरवलेला पालक तासभर गालात साठवायचा आणि सोफ्यामागे थुंकायचा. तिथून आंबूस वास सुटला, की पालक कुठे गेला ते कळायचं. डॉक्टरांनी त्याचं वजन पाहून तिलाच झापलं होतं.

महिन्यापूर्वी सासूबाई आपणहून म्हणाल्या होत्या, "दुपारचं त्याचं जेवण मी बघते." तेव्हापासून भाजीची वाटी लख्ख. गाजर, कोबी, फरसबी, सगळं फस्त! तिने कामावर सासूबाईंचे गोडवे गायले होते. त्या स्वतः हल्ली रात्री नुसतं दूध पिऊन निजायच्या, तर तिला वाटायचं, नातवामागे धावून दमत असतील.

आणि ही करामत अशी होती तर! म्हातारीच्या तोंडातला चोथा तिच्या पोराच्या पोटात जात होता.

तिने टिल्लूला बेसिनपाशी ओढत नेलं, तोंडात बोट घालून उरलासुरला लगदा खरवडला, दोनदा ब्रश फिरवला. टिल्लू ओकायच्या बेतात आला.

"किती दिवस चाललंय हे चावून भरवणं?"

सासूबाईंनी टिल्लूकडे पाहिलं. "महिना होत आला," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. ना खुलासा, ना माफी. त्यामुळे तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी नवरा आल्याआल्या तिने सगळं ओकून टाकलं.

"अगं, मलाही लहानपणी तिने असंच भरवलं असेल," तो हसत म्हणाला.

"मग आधी तोंड धुऊन या, आणि माझ्याजवळ बसू नका!"

तिने निर्णय सांगितला. उद्यापासून टिल्लू पाळणाघरात जाईल आणि आई काही दिवस नणंदेकडे राहतील. नवऱ्याने आईकडे पाहिलं. "आई, तू काहीच का बोलत नाहीस?"

"काय बोलायचं? जाते मी."

सासूबाई उठल्या. बॅगेत कपडे भरताना एकाच साडीची त्यांनी तीनदा घडी घातली. ते पाहून तिला जरा कसंसंच झालं, पण लगेच ती लाळेची तार डोळ्यांपुढे आली आणि तिने मान फिरवली.

बॅग पाहताच टिल्लूने भोकाड पसरलं. "आजीने नाही जायचं!"

"अरे राजा, पाळणाघरातल्या मावशी तुला छान भरवतील. स्वच्छ हातांनी," ती त्याला जवळ घेत म्हणाली.

"मला नाही!" टिल्लूने तिचा हात झिडकारला. "आजीला!"

"टिल्लू, गप्प बस!" सासूबाई ओरडल्या. या घरात त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

पण टिल्लूचा बांध फुटला होता. "आजीच्या काढायच्या-घालायच्या दाढा मी फोडल्या ना गाडी-गाडी खेळताना! आई मारेल म्हणून आपण सांगायचं नाही ठरलंय. मग आत्याकडे तिची भाजी कोण चावून देणार?"