एका श्वासापुरती आठवण

“या इवल्याशा चिपमध्ये जागाच नाही. मागचे श्वास साठवलेच नाहीत, तर श्वासातला बिघाड कळणार कसा?” हेमांगीचा सहकारी कौस्तुभ याने पुन्हा विचारलं.

हेमांगीने बाळावरचं दुपटं बाजूला केलं. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या त्या मुलीच्या पोटावर हेमांगीनेच बनवलेला पट्टा होता. त्यातला प्रोग्राम प्रत्येक श्वास एकदाच पाहायचा, त्यावरून मुलीच्या लयीचा अंदाज थोडा सुधारून घ्यायचा आणि तो श्वास विसरून जायचा; पुढचा श्वास त्या अंदाजाबाहेर गेला, की पट्टा वाजायचा. मेळघाटातल्या त्या दवाखान्यात नेटवर्क नव्हतं. जे काही कळायचं ते पट्ट्यालाच.

दुपारी पट्टा वाजू लागला. मुलगी शांत झोपल्यासारखी दिसत होती.

“खोटा अलार्म,” कौस्तुभ पुटपुटला.

“सिस्टर, धावा! तिचा श्वास थांबतोय!” हेमांगी ओरडली.

सिस्टरांनी मुलीची पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. निळे पडू लागलेले ओठ थरथरले आणि तिने असा टाहो फोडला की व्हरांड्यातल्या बायाही आत धावल्या.

“रड, माझे बाय, रड!” आई हसत हसत स्वतःच रडू लागली.

“उरलेले पट्टे आणा,” सिस्टर म्हणाल्या. “सगळ्या बाळांना बांधायचेत.”

कौस्तुभ आधीच पेटी उघडत होता.