येऊ दे

"एवढ्या मोठ्या ट्रेलरला मागचा हुक पुरणार नाही. ट्रकच्या हौद्यात बसणारी जोडणी घ्या," डॅलसचा ट्रकविक्रेता म्हणाला. "ट्रक मागे घेताना सांगायला पाठीमागे कोण उभं राहतं?"

"बाबा राहायचे."

त्यानं मागे कॅमेरा असलेला ट्रक दाखवला. मी तोच घेतला. तो ट्रेलर म्हणजे बाबांचं चाकांवरचं घर; ते मला विकायचं नव्हतं, त्यांनी ठरवलेल्या वाटेनं एकटीनं न्यायचं होतं.

घरासमोर उभ्या ट्रेलरकडे ट्रक मागे घेताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी दोनदा चुकलं. मग मी काच खाली केली आणि बाबांच्याच सुरात मोठ्यानं म्हणाले, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे..."

खट्‌ करून जोडणी बसली.

मी उतरून मागे गेले, बाबा मारायचे तशाच दोन थापा ट्रकवर मारल्या आणि त्यांच्यासारखंच म्हणाले,

"बास, बाळा."