मीठ विकणारी बाई

संग्रहालयाने जुन्या फोटोंची खोली नव्याने उघडली. फोटो साहेबाच्या राज्यातले, आणि खालच्या पाट्याही तेव्हाच्याच: ‘हमाल’, ‘डोंगरातली म्हातारी’, ‘मीठ विकणारी बाई’. आता राज्य आपलं, तेव्हा या माणसांना त्यांची नावं मिळायला हवीत, असं ठरलं. कुणी ओळखीचं दिसलं तर येऊन सांगा, असं रेडिओवर रोज सांगत होते.

ऐंशीच्या घरातली एक आजी दोन बस बदलून आली. एकेक फोटो निरखत गेली आणि मीठ विकणारीसमोर थबकली.

“ही माझी आई,” ती म्हणाली. “हनुवटीवरचा हा व्रण तिचाच.”

खोली सांभाळणारी मुलगी हरखलीच. धावत जाऊन फॉर्म घेऊन आली. “आजी, तीन महिन्यांत तुम्ही पहिल्याच! बसा ना. काय नाव त्यांचं?”

आजीने पदराच्या टोकाने फोटोची काच पुसली.

“सावकाश आठवा, घाई नाही.”

“आठवायला आधी माहीत तर हवं ना गं. ती गेली तेव्हा मी सहा वर्षांची. मी आई म्हणायचे, बाबा ‘अगं’ म्हणायचे, आणि गल्ली म्हणायची मीठवाली. नाव विचारायचं सुचलं, तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं.”

मुलीने पेन खाली ठेवलं. “मग आजी, एवढ्या लांब कशाला आलात?”

आजीची नजर फोटोवरून हलली नाही.

“म्हटलं, फोटो काढताना त्या साहेबाने तरी विचारलं असेल.”